यिश्शो रास

रविवारी सकाळी साडेनऊ वाजले की मी घरातला पंखा बंद करते. मे महिना असला तरी. फ्रिजचा प्लग काढते, खिडक्या ओढून घेते आणि शेजारच्या बेनना आदल्या रात्रीच सांगून ठेवते, की साडेदहापर्यंत कुकर लावू नका. मग पुढच्या खोलीत तिघंजणं घाम पुसत बसतात आणि मी मोबाइलला जोडलेला छोटा स्पीकर सुरू करते. फ्रान्समधल्या कुठल्याशा स्टेशनावरची बाई बोलू लागते. पंधरा सेकंदांत तिचं बोलून संपतं. पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

"काकू, एकदा परत लावा ना."

"नाही."

हे 'नाही' म्हणताना मला अजून जड जातं. पण परीक्षाच तशी आहे. कॅनडासाठीची टीसीएफ म्हणून जी परीक्षा असते, तिच्यात ऐकण्याचे ३९ प्रश्न आणि ३५ मिनिटं. सुरुवात सोपी, मग चढण. चार पर्यायांतला एक निवडायचा, आणि प्रत्येक आवाज एकदाच. ६९९ पैकी किमान ४५८ मिळाले तर त्यांच्या मोजपट्टीवरची सातवी पायरी. वाचणं, लिहिणं, बोलणं यांतही सातवी गाठली आणि इंग्रजी बऱ्यापैकी असलं, तर स्थलांतराच्या गुणांत ५० ची भर पडते. २०२३ पासून तर फ्रेंच येणाऱ्यांची वेगळी निवड होऊ लागली. म्हणून कोयली, बाजवा, उंडेरा इथली पोरं, ज्यांच्या सात पिढ्यांत कोणी फ्रेंचचा 'फ' ऐकला नव्हता, माझ्या दारात चपला काढतात. सध्या एक नर्स आहे, एक पाइपिंगची ड्रॉइंग काढणारा पटेल आहे आणि तिसरी मराठीच, बी. कॉम. झालेली, नवरा आधीच टोरांटोला जाऊन बसलाय.

कोपऱ्यात आरामखुर्चीवर अण्णा. माझे वडील. पंच्याऐंशी वर्षांचे, दोन्ही कानांत मशीन. फ्रेंचचं एक अक्षर येत नाही, पण रविवारचा वर्ग चुकवत नाहीत. माझं 'नाही' त्यांना दर वेळी लागतं.

"अगं, परत विचारलं तर सांगावं माणसानं. यिश्शो रास म्हटलं की रशियनसुद्धा थांबायचा."

यिश्शो रास. पुन्हा एकदा. अण्णांना एके काळी शे-दोनशे रशियन शब्द येत असतील, आता हे दोनच धड उरलेत. आणि बडोद्यात परकी भाषा कानात कशी उतरत आली हे सांगायचं, तर या दोन शब्दांपासूनच सुरुवात करायला हवी.

कोयली नाव ऐकून पाहुणे कोकिळेची चौकशी करतात. कोकिळा आहेत, पण आमच्या लहानपणी त्यांच्याआधी भोंगा ऐकू यायचा. मे १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागलं. त्या पहिल्या विहिरीला नेहरूंनी 'वसुधारा' नाव दिलं. तेल लागलं तर ते गाळायचं कुठे, म्हणून १९६१ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि बडोद्याच्या वायव्येला, कोयलीच्या शिवारात जागा ठरली. १० मे १९६३ ला नेहरूंनीच पायाभरणी केली. ऑक्टोबर १९६५ मध्ये पहिलं युनिट चालू झालं, आणि पुढच्या वर्षी ऑक्टोबरात राष्ट्रपती राधाकृष्णन येऊन रिफायनरी देशाला अर्पण करून गेले. मूळ आराखडा वर्षाला २० लाख टनांचा होता. आज १ कोटी ३७ लाख टनांचा कारखाना आहे. पण अण्णांच्या बोलण्यात ती अजून तीच जुनी, रशियनांनी उभी केलेली रिफायनरी.

अण्णा भुसावळच्या लोकोशेडमध्ये फिटर होते. १९६४ मध्ये कोणीतरी सांगितलं, बडोद्याकडे तेलाची कंपनी उघडतेय, रेल्वेपेक्षा पगार बरा. मी वर्षाची होते. आई, मी, एक ट्रंक आणि पाटा-वरवंटा असे आम्ही बाजवा स्टेशनवर उतरलो. अण्णांना मराठी यायची आणि रेल्वेपुरती हिंदी. इथे गाव गुजराती, साहेब लोक इंग्रजी, आणि यंत्रं रशियन.

यंत्रं रशियन म्हणजे खरोखरीच रशियन. पंपांच्या पाट्यांवर मोठी अक्षरं होती, इंग्रजी वाचणाऱ्याला ती एच, ए, सी, ओ, सी अशी दिसत. झालं, सगळे फिटर त्याला 'हॅकॉक' म्हणू लागले. हॅकॉक गरम झालाय, हॅकॉक गळतोय. अण्णांना वाटायचं, हॅकॉक हे बनवणाऱ्या कंपनीचं नाव. एक दिवस एका सोव्हिएत तंत्रज्ञानं पाटीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "नासोस." ते अक्षर एच नव्हतंच, त्यांचा 'न' होता, आणि सी दिसत होता तो 'स'. नासोस म्हणजे पंप. कंपनीचं नाव वगैरे काही नाही, पंपावर 'पंप' लिहिलं होतं. डोळ्यानं महिनाभर चुकीचं वाचलेलं कानानं एका क्षणात दुरुस्त केलं, असं अण्णा म्हणतात. माझ्या वर्गात पहिल्या दिवशी ही गोष्ट मी सांगतेच.

दुभाषे होते, पण मोजके, आणि नेमके हवे तेव्हा दुसऱ्या युनिटवर गेलेले. मग रशियन माणूस बोलायचा, हातवारे करायचा, आमचा साहेब त्यातून काहीतरी इंग्रजी-हिंदी बनवायचा, आणि ते अण्णांच्या डोक्यात मराठी होऊन हातात उतरायचं. तीन घरं फिरून आलेलं पाणी. आणि काम तेलाचं, आगीचं. व्हॉल्व्ह चुकीचा फिरवला तर दुरुस्तीला दुसरी संधी असेलच असं नाही. त्यामुळे ऐकणाऱ्यानं ऐकलेलं मोठ्यानं परत म्हणायचं, अशी रीत होती. चार नंबर बंद कर. चार नंबर बंद करतो. शंका आली की यिश्शो रास. अण्णा सांगतात, ज्याला यिश्शो रास म्हणायची लाज वाटायची त्याच्याबरोबर शिफ्ट नको असायची.

दुसरं एक ऐकणं अण्णा भुसावळहून घेऊनच आले होते. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं आणि मूठ कानाशी, हाडाला चिकटवून धरायची. निरोगी बेअरिंग एकसुरी घुमतं. बिघडायला लागलं की त्यात मध्येच किरकिर येते. पंपाला आत येणारं तेल कमी पडायला लागलं की आत मूठभर खडी टाकल्यासारखा आवाज. हा आवाज कुठल्याच भाषेतला नसतो. रशियन तंत्रज्ञ आणि अण्णा आळीपाळीनं एकाच स्क्रू ड्रायव्हरला कान लावायचे, एकमेकांकडे बघून मान हलवायचे, आणि त्या वेळी दुभाष्याची आठवणही यायची नाही.

मी फ्रेंचकडे कशी वळले याचं कारण सांगण्यासारखं नाही. बारावीनंतर मैत्रिणीनं फॉर्म भरला म्हणून मी भरला. १९८१ साल. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची कला शाखा, म्हणजे जुनं बडोदा कॉलेज, चिझमनं बांधलेल्या त्या अवाढव्य घुमटाखाली. घुमटात कबुतरं. सर बोलायचे, कबुतरं बोलायची, आणि पहिल्या दोन महिन्यांत मला दोघांत फारसा फरक कळत नव्हता. तिथे शिकत असताना कोणीतरी सांगितलं, की या कॉलेजात अरविंद घोष फ्रेंच शिकवायचे. मी ते मनावर घेतलं नाही. प्रत्येक जुन्या इमारतीत कोणी ना कोणी थोर माणूस शिकवूनच गेलेला असतो. पुढे मीच फ्रेंच शिकवून पोट भरू लागले तेव्हा म्हटलं, आपल्या धंद्यातला हा पहिला मोठा माणूस, याची माहिती तरी करून घ्यावी.

आणि मग त्यांचं बडोदं वाचताना मला हसूही आलं आणि बरंही वाटलं. अरविंदांच्या वडिलांनी मुलांना पक्कं विलायती करायचं ठरवलं होतं. सातव्या वर्षी मुलगा इंग्लंडला गेला तो एकविसाव्या वर्षी परतला. ग्रीक, लॅटिन उत्तम, फ्रेंच चांगलं, बंगाली मात्र कानावर पडलेलीच नाही. आयसीएससाठी केंब्रिजला थोडी पुस्तकी बंगाली शिकले, तेवढीच. घोडेस्वारीच्या परीक्षेला गेलेच नाहीत म्हणून आयसीएस हुकली. बडोद्याचे महाराज सयाजीराव तेव्हा लंडनमध्ये होते, त्यांनी दोनशे रुपये महिना पगारावर त्यांना नोकरीत घेतलं. फेब्रुवारी १८९३ मध्ये अरविंद बडोद्यात आले. आधी जमाबंदी, मग महसूल, मग दिवाण कचेरी, असं करत १८९७ मध्ये कॉलेजात फ्रेंचचे अर्धवेळ अध्यापक झाले, पुढे इंग्रजीचे प्राध्यापक. दांडिया बाजारात खासेराव जाधवांच्या घरी राहायचे. ते घर आज अरविंद निवास म्हणून उभं आहे. आमच्या मराठी बडोद्याच्या ऐन मध्यात. मराठी आणि गुजराती दोन्ही ते इथेच शिकले.

तर फ्रेंचचे हे मास्तर १८९८ मध्ये काय करतात? बंगालहून दीनेंद्रकुमार राय नावाच्या लेखकाला बोलावून घेतात. कशासाठी? बंगालीत गप्पा मारायला. बंगाली वाचायला तोवर त्यांचे ते शिकले होते. पण बोललेली बंगाली कानाला आणि जिभेला सवयीची व्हावी, म्हणून घरात माणूस हवा होता. राय दोन वर्षांहून अधिक काळ त्यांच्यासोबत राहिले आणि पुढे त्या दिवसांवर पुस्तकही लिहिलं. म्हणजे बडोद्यात दुसऱ्यांना फ्रेंच शिकवणाऱ्याला स्वतःच्या आईबापांची भाषा ऐकायला माणूस ठेवावा लागला. त्या घरात बंगाली संभाषण कसं चालत असेल याचं चित्र मी पुष्कळदा मनाशी रंगवलंय. मास्तर बुद्धीनं केवढे का असेनात, पहिल्या महिन्यात दहा वेळा तरी म्हणालेच असतील, परत सांगा.

ज्यांनी त्यांना नोकरी दिली त्या सयाजीरावांची गोष्टही वेगळी नव्हती. कवळाण्याच्या शेतकरी घरातला बारा वर्षांचा मुलगा १८७५ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसला, तेव्हा त्याला अक्षरओळख नव्हती. मराठी, गुजराती, इंग्रजी, उर्दू या चार भाषा एकदम सुरू झाल्या. मराठी कानात होती, बाकीच्या तिन्ही नव्या. त्यांच्यासाठी शिक्षक समोर बसलेले असत, पाहिजे तितक्या वेळा तेच वाक्य म्हणायला.

कॉलेजात मात्र कानाला काम नव्हतं. अरविंदांच्या वेळी आमचं कॉलेज मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं आणि परीक्षा म्हणजे कागद. ऐंशीएक वर्षांनी माझ्या वेळीही तेच. गाव बदललं, विद्यापीठ बदललं, देश स्वतंत्र झाला, फ्रेंचचा पेपर होता तसाच. भाषांतर, व्याकरण, निबंध. मोझेचं ते निळं पुस्तक होतं, १९५३ सालचं, जगभर ज्यावर फ्रेंच शिकवलं गेलं ते. त्यातली क्रियापदं मला अजून झोपेत म्हणता येतात. कानाला जे काही मिळायचं ते 'दिक्ते'तून. दिक्ते म्हणजे श्रुतलेखन. त्याची पद्धत ठरलेली. सर आधी सगळा उतारा एका दमात वाचणार, आपण पेन खाली ठेवून ऐकायचं. मग तुकडे पाडून, विरामचिन्हांसकट, संथ. मग शेवटी पुन्हा सगळा, तपासायला. तीन वेळा! आज माझी पोरं हे ऐकून डोळे मोठे करतात, आजीच्या काळी तूप सव्वा रुपया शेर होतं असं सांगावं तसं.

त्या तीन वेळांची किंमत मला १९८६ मध्ये कळली. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या फाटकाशी एक फ्रेंच जोडपं उभं होतं. मी पदवीधर, पहिला वर्ग. मुद्दाम जवळ गेले, "बोंझूर" म्हटलं. बाई खुलल्या आणि काहीतरी म्हणाल्या. त्यातला एकच शब्द मला पकडता आला, 'केलर'. मला हेलन केलर आठवली. तिचा राजवाड्याशी काय संबंध? मी त्यांच्याकडे बघतच राहिले. शेवटी "रेपेते, सिल व्हू प्ले" म्हटलं, कृपया परत सांगा, आणि त्यांनी बिचारीनं एकेक शब्द सुटा करून सांगितलं. केल, अर. किती, वाजता. राजवाडा किती वाजता बंद होतो, एवढंच त्या विचारत होत्या. कागदावर हे दोन शब्द मी हजार वेळा वाचले होते. तोंडातून ते एकमेकांना चिकटून बाहेर पडतात हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सरांच्या दिक्तेतही ते कधी चिकटले नाहीत. सरांनाही ते पुस्तकातच भेटलेले असणार.

घरी येऊन अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "तुझा हॅकॉक झाला."

पुढच्या शुक्रवारी अण्णा शुक्रवारी बाजारातून एक फुटक्या पेटीतला लिंग्वाफोनचा संच घेऊन आले. लिंग्वाफोन म्हणजे लंडनमध्ये स्थायिक झालेल्या जाक रॉस्टन नावाच्या पोलिश माणसानं १९०१ मध्ये काढलेली कंपनी. भाषा शिकवण्यासाठी आधी मेणाच्या नळकांड्या, मग तबकड्या. मास्तराशिवाय भाषा घरी ऐकता येते ही गोष्ट त्यांनी धंद्यासारखी जगभर विकली. आमचा संच कुठल्या तरी सरदाराच्या वाड्यातून आला असणार. चांगल्या जाड तबकड्या, दोन गायब, एकीला चीर. चिरेवरून सुई गेली की टक् व्हायचं आणि फ्रेंच गृहस्थ उचकी लागल्यासारखे थबकायचे. तो गृहस्थ फार सावकाश, फार सभ्य बोलायचा. राजवाड्याच्या फाटकाशी कोणी तसं बोलत नाही. तरी पण वर्षभर मी त्याला ऐकलं.

फाटकाशी लोक कसे बोलतात हे खुद्द फ्रान्सलाही उशिराच कळलं, असं पुढे वाचनात आलं तेव्हा माझा राग थोडा उतरला. १९५० च्या दशकात जॉर्ज गुगनेम आणि त्यांच्या सोबत्यांनी टेपरेकॉर्डर घेऊन साध्या माणसांची १६३ संभाषणं नोंदवली आणि त्यातले शब्द मोजले. परदेशी माणसाला आधी कोणतं फ्रेंच शिकवावं, हे ठरवायला. पुस्तकातली भाषा आणि तोंडातली भाषा यांच्यातलं अंतर आता टेपवर होतं, कोणाच्या मतावर नव्हतं. 'नाही' म्हणायला फ्रेंचमध्ये क्रियापदाच्या आगेमागे दोन शब्द लावायचे, असं मोझे शिकवतो. बोलणारा त्यातला पहिला बहुतेक वेळा गाळूनच टाकतो. 'मला माहीत नाही'चे चार शब्द तोंडात 'शेपा' एवढेच उरतात. गंमत म्हणजे, रोजच्या वापरातल्या कित्येक वस्तूंची नावं त्या टेपांत फारशी आलीच नाहीत. समोर चमचा असला तर माणूस 'तो दे' म्हणतो. मग ती नावं लोकांना वेगळी विचारून गोळा करावी लागली. या मोजणीतून निघालेले धडे १९६० च्या दशकात चित्रपट्टी आणि टेपसकट आले. म्हणजे अण्णा कोयलीत नासोस ऐकत होते त्याच सुमाराला.

१९८७ पासून मी शिकवण्या घ्यायला लागले. पहिल्या कमाईतून टेपरेकॉर्डर घेतला. कॅसेटची फीत सैल झाली की पेन्सिल घालून गुंडाळायची. या काळाबद्दल लोक फार हळवे होतात, मी होत नाही. रिवाइंडच्या बटणानं आमचे कान आळशी केले असं माझं मत आहे. चुकलं, मागे न्या. परत चुकलं, परत मागे. अण्णांच्या यिश्शो रासमध्ये समोर माणूस होता. दुसऱ्यांदा सांगताना तो तुमच्या चेहऱ्याकडे बघून शब्द बदलायचा, बोट दाखवायचा, चिडायचा. कॅसेट दुसऱ्यांदाही तेच, तसंच म्हणते. वीस वेळा ऐकून शेवटी पोराला फ्रेंच कळत नाही, ती कॅसेट पाठ होते.

कानाची स्वतंत्र परीक्षा आली तीही याच सुमाराला. फ्रान्सच्या शिक्षण खात्याच्या डेल्फ आणि दाल्फ या परीक्षा १९८५ मध्ये सुरू झाल्या. आजच्या रूपात डेल्फमध्ये ऐकण्याला १०० पैकी २५ गुण आहेत. एकूण ५० मिळाले तरी ऐकण्यात ५ हून कमी असतील तर नापास. हा नियम मला फार आवडतो. लेखी फ्रेंचच्या जोरावर तरून जायची माझ्यासारख्यांची वाट त्यांनी बंद केली.

नव्वदीच्या शेवटी दोन विद्यार्थ्यांना घेऊन मी एका मोठ्या शहरातल्या केंद्रावर गेले होते. हॉलमध्ये पन्नास मुलं, पुढे टेबलावर एक कॅसेट प्लेअर. ऐकण्याचा पेपर सुरू झाला आणि बाहेरून वरात आली. बँड, घोडा, फटाके, सगळं. पर्यवेक्षकांनी खिडक्या लावल्या, आवाज वाढवला, तर कॅसेटची घरघर वाढली. बातमी संपली. माझा विद्यार्थी बाहेर येऊन म्हणाला, "मॅडम, फ्रान्समध्ये कुणाचं तरी लग्न होतं का?" तेव्हापासून मी पंखा बंद करायला लागले. आणि तेव्हापासूनच शेवटच्या महिन्यात मुद्दाम चालूही ठेवते. कुकर, भाजीवाला, रिफायनरीच्या रस्त्यावरचे टँकर, सगळ्यांसकट ऐकायचं. आता हेडफोन असतात, पण शेजारच्या खुर्चीवरचा खोकतोच.

तयारी म्हणून मी काय करून घेते, असं मला नेहमी विचारतात. विशेष काही नाही. पहिले दोन महिने मी पोरांना फ्रेंच लिहूच देत नाही. त्यांनी जे ऐकलं ते आपापल्या लिपीत लिहायचं. नर्स देवनागरीत लिहिते, पटेल गुजरातीत. मग तो कागद आणि खरं फ्रेंच शेजारी ठेवायचं. तिथे खरा धडा सुरू होतो. 'मित्र'च्या आधीच्या शब्दाच्या शेपटीतला मुका 'एस' अचानक जागा होतो आणि 'लेझामी' ऐकू येतं. पोरं वैतागतात, ऐकू येत नाही ते लिहितात कशाला हे लोक?

तेव्हा मी माझ्या आजोबांची पत्रं काढते. भुसावळहून आलेली, १९५० च्या आसपासची. त्यांत 'केलें', 'घरांत', 'त्यानें', सगळीकडे डोक्यावर टिंबं. कधीकाळी हे नाकातले आवाज मराठीत खरोखर होते. बोलण्यातून गेले, लिहिण्यात राहिले, आणि १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ती न ऐकू येणारी टिंबं काढून टाकली. फ्रेंचांनी आपली नाही काढली. बी. कॉम.वाली मुलगी ती पत्रं बघून म्हणाली, "म्हणजे तुमच्या आजोबांना फ्रेंच सोपं गेलं असतं." नाकातले स्वर शिकवताना मी आता चंद्रबिंदू वापरते, आणि कोकणातली आजी असेल तर तिला आठवायला सांगते.

आकडे हा दुसरा खड्डा. ऐकण्याच्या पेपरात दर दोन प्रश्नांआड एक किंमत, एक वेळ, एक टेलिफोन नंबर. फ्रेंचमध्ये ऐंशी म्हणजे 'कात्र-व्हॅं', चार वीस. नव्वद म्हणजे चार वीस दहा. नव्व्याण्णव म्हणजे चार वीस दहा नऊ. इंग्रजी माध्यमातली पोरं इथे कोसळतात. मराठी पोराला मी म्हणते, आई चार कोड्या पापड म्हणते ना, तेच. आणि जो देश एकोणऐंशी म्हणताना ऐंशीतून एक वजा करतो, त्यानं फ्रेंचांना हसू नये. पटेलला कोडी लगेच कळली. त्याच्या घरीही आजी तशीच मोजते.

आणि मग 'व्वा'. स्टेशनवरच्या घोषणांत हा शब्द हमखास येतो. फलाटाच्या रुळाला फ्रेंचमध्ये व्वा म्हणतात. आवाजालाही व्वाच म्हणतात, लिहायला निराळं, ऐकायला एकच. मराठी कान दर वेळी दाद दिल्यासारखं ऐकतो. गाडी सात नंबरवरून सुटेल, म्हणजे 'व्वा सेत'. पोरं हसतात. हसू दे, लक्षात राहतं.

गेल्या रविवारचीच गोष्ट. परीक्षेला बारा दिवस राहिलेले. मी पंखा चालू ठेवला होता, बाहेर टँकर. ल्योंला जाणाऱ्या गाडीची घोषणा लावली, एकदाच. चार पर्याय: गाडी रद्द, गाडी उशिरा, फलाट बदलला, डबे कमी. तिघांनीही 'उशिरा'वर खूण केली. बाईच्या आवाजात दिलगिरी होती, आणि दिलगिरी म्हणजे उशीर, हे आपल्या रेल्वेनं आपल्या हाडात भिनवलंय.

मी उत्तर सांगायच्या आत अण्णा खुर्चीतून म्हणाले, "दोनदा व्वा म्हणाली ना गं ती?"

बी. कॉम.वाली त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटलं, बोटावर एक व्वा मोजला, दुसरा मोजला.

"काकू, परत लावू नका," असं म्हणून तिनं खोडरबर उचललं.